उलटा पाया

साहेब बोलत होते आणि भाचा खुर्चीतल्या खुर्चीत चोरासारखा आक्रसत चालला होता.

नव्या कारखान्याच्या बांधकामाचे हे साहेब. जमीन सपाट करण्यापासून पहिलं यंत्र सुरू होईपर्यंतची सगळी जबाबदारी त्यांच्या डोक्यावर. आज सकाळी पत्रा दाबणारा मोठा प्रेस आला, क्रेननं उचलून पायावर नेला, आणि तसाच हवेत लोंबकळत राहिला. मोटरीचा खड्डा भिंतीच्या बाजूला हवा होता, तो निघाला दाराच्या बाजूला. पाया चक्क उलटा भरला होता.

"नवा नकाशा फोरमनच्या खोलीत दारामागे सापडला. ज्या नळीत गुंडाळून आला, तिचं सीलसुद्धा फोडलेलं नाही!" साहेब म्हणाले. "कोणीतरी त्याचे हात ओले केलेत. मी सगळ्यांसमोर त्याची पिशवी झाडून घेतली आणि गेटबाहेर काढला. संध्याकाळी पोलिसांत तक्रार देतोय. त्याआधी मला पुरावा हवाय."

हा फोरमन म्हणजे भाच्याचा पहिलीपासूनचा मित्र. 'डोळे मिटून कामावर घ्या, साहेब, सोन्यासारखा माणूस आहे,' अशी शिफारस भाच्यानंच केली होती. आता त्याला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं.

आत्या मात्र गालावर हात ठेवून शांतपणे ऐकत होती. उभा जन्म विमा कंपनीसाठी जळलेली गोदामं आणि बुडालेला माल तपासण्यात गेला होता तिचा. निवृत्त झाल्यावर बाईनं तपासाच्या कामाची स्वतःची पाटी लावली होती, आणि भाचा तिचा ड्रायव्हर, कारकून, आणि चुकीचे अंदाज करणारा हक्काचा माणूस होता.

"चला, बघू तुमचा पाया," ती म्हणाली.

गाडीत भाच्यानं काळजीनं विचारलं, "आत्या, तुझी दाताची वेळ परवाची ना?"

"हो," आत्या गाल सांभाळत म्हणाली. त्यानं मनात त्या दिवसाची कामं रद्द करून टाकली.

साइटच्या गेटबाहेर सिमेंटच्या पाइपावर फोरमन एकटाच बसला होता. पायाशी पिशवी. आत्या पुढे गेली, भाचा थांबला.

"माझ्या तोंडाला काळं फासलंस," तो दबक्या आवाजात म्हणाला. "घेतलं असशील तर कबूल करून टाक. निदान पोलीस तरी टळतील."

फोरमननं त्याच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. भाच्याला ती कबुलीच वाटली.

ऑफिसात वाफाळता चहा आला. आत्यानं तो बाजूला सारून गार पाणी मागितलं.

नकाशे काढणारी ताई पहिली आली. "पहिला नकाशा दोन महिन्यांपूर्वीचा," ती म्हणाली. "त्यात थोडी दुरुस्ती करून दुसरा मी महिनाभरापूर्वी, सोमवारी, फोरमनच्या हातात दिला. मग साहेब यंत्राच्या कंपनीत गेले. तिथं कळलं, मोटर दुसऱ्या बाजूला येणार. म्हणून तिसरा करावा लागला, साहेबांना शुक्रवारचा वायदा केला. तो शुक्रवारी शिपायानं त्यांच्या खोलीत ठेवला."

"आणि पाया कधी भरला?"

"गुरुवारी."

"म्हणजे तिसरा यायच्या आधीच. फोरमनला मोटरीचं कोणी सांगितलं होतं?"

"मी नाही. साहेब म्हणाले, मी फोन करतो."

"केलाच होता!" साहेब उसळले. "बुधवारी, स्टेशनवरून. नवा नकाशाच धरा, असं बजावलं. त्यानं हो म्हटलं."

"शब्द कोणते वापरलेत?"

"शब्द काय घेऊन बसलात! गाडी सुटत होती. मतलब एकच होता."

नंतर आला स्टोअरवाला. जिभेला हाड नसलेला माणूस. "फोन माझ्याच टेबलावर वाजला ना! साहेबांचं ऐकू नाही आलं. पण फोरमन दोनदा म्हणाला, 'परवाचाच. हो साहेब, परवाचाच.' खूश होता. फोन ठेवला आणि लगेच काँक्रीटच्या तयारीला लागला."

"बघ!" भाचा आत्याच्या कानात कुजबुजला. "घाई केली. नवा नकाशा यायच्या आत उरकायचं होतं."

आत्यानं फोरमनला आत बोलावलं. भाचा खिडकीबाहेर बघत राहिला.

"साहेब फोनवर काय म्हणाले? जसंच्या तसं सांग."

"'नकाशांचा घोळ नको. परवाचाच धरा.'" फोरमनचा आवाज बसला होता. "मी तोच धरला. सकाळी हे सांगायला गेलो, तर साहेबांनी पिशवी ओढून घेतली. मग बोलायची इच्छाच राहिली नाही."

आत्या हसली, आणि लगेच 'आई गं' करून गाल धरला.

"भाच्या, मला दाताच्या डॉक्टरकडे कधी न्यायचंय?"

"परवा. गाडीत हो म्हणालीस ना तू?"

आत्यानं तोंड उघडलं. दाढेच्या जागी ताजं खिंडार होतं.

"माझी वेळ परवाचीच होती. झाली, मी रिक्षानं जाऊन दाढ उपटूनही आले. सकाळपासून गाल धरून बसलेय, गरम चहा परत केला, तरी तू मला पुन्हा न्यायला निघालास. कारण आपला 'परवा' दोन तोंडांचा. मागे बघतो, पुढेही बघतो."

ती साहेबांकडे वळली.

"साहेब, बुधवारी तुमच्या डोक्यात होता येणारा परवा, शुक्रवार. याच्या हातात होता गेलेला परवा, सोमवार. दोन नकाशे याच्याकडेही होते, त्याच्या आदल्या महिन्यातला आणि सोमवारचा. तिसरा निघालाय हे त्याला ठाऊकच नव्हतं. त्यानं दोनदा 'परवाचाच' म्हणून खात्री करून घेतली, आणि तुम्ही त्याला अडवलं नाहीत. खोटं कोणीच बोललं नाही."

"पण ती नळी—"

"पाप करणारा ती जाळून टाकेल, महिनाभर स्वतःच्या दारामागे सांभाळणार नाही. पाया भरून झाल्यावर आलेली नळी कोण उघडतो? आणि तो पाया महिनाभर ओल्या पोत्यांखाली मुरत होता. तुम्ही एकदा तरी पोतं उचलून पाहिलंत?"

साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी तक्रारीचा कागद चुरगळला. "फोरमन," ते पुटपुटले, "माझं चुकलं. मला माफ करा."

"पिशवी झाडली तेव्हा सगळे होते, साहेब," फोरमन म्हणाला. "इथं दार लावलेलं आहे."

साहेब उठले. लोंबकळणाऱ्या प्रेसजवळ सगळ्यांना बोलावून, मान खाली घालून, तेच पुन्हा बोलले. फोरमननं ऐकून घेतलं आणि पिशवी उचलून पायाकडे वळला. उलटा भरलेला तो पाया आता तोडायचा त्यालाच होता.

भाचा त्याच्यामागे धावला. "चुकलं रे माझं," तो कसाबसा म्हणाला.

फोरमन थांबला. आवाजात राग नव्हता, आणि तेच भाच्याला जास्त लागलं.

"साहेब एका शब्दाला फसले," तो म्हणाला. "तू तर मला पहिलीपासून ओळखतोस. तू कशाला फसलास?"

तो पायाकडे चालू लागला, आणि भाचा गाडीकडे वळला. घरी परतताना आत्यानं त्याला तो प्रश्न विचारला नाही.