तोंडात पाणी

अरबी मुलखातल्या खोर फक्कानच्या किनाऱ्यावर एका जपानी कंपनीचा सर्व्हे कॅम्प पडला होता. साल असेल पासष्ट-सहासष्ट. रत्नागिरीकडचा मोहिद्दीन तिथं स्वयंपाकी होता; बायको-पोरीसह कॅम्पाजवळच खजुरीच्या झापांच्या घरात राही. त्या सांजेला तो नेहमीसारखाच मच्छी-भाताचं ताट घेऊन नाकाओकाच्या खोलीकडे निघाला.

नाकाओका कॅम्पचं स्टोअर सांभाळी, पण माणूस मूळचा आवाजाचा. टोकियोत टीव्हीवर परदेशी मालिका लागत; त्यातल्या एका गोऱ्या नटाच्या तोंडी जपानी बोलणं घालायचं, हा त्याचा धंदा. पडद्यावरचे ओठ उघडले की आवाज पडलाच पाहिजे, मिटले की बंद. त्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. मग मालिका चालू असतानाच तो नट वारला. शिल्लक भागांना आवाज देताना एकदा पडद्यावरचे ओठ मिटले, नाकाओकाचेही मिटले, आणि आवाज मात्र बोलतच राहिला. त्याने त्याच दिवशी काम सोडलं. आवाजाने काही त्याला सोडलं नाही.

तेव्हापासून तिन्हीसांजेला तो तोंडात पाणी धरून बसे. “वो किसी का भी आवाज लेता है,” त्याने मोडक्या हिंदीत सांगितलं होतं. “मुंह में पानी है, तो वो मैं नहीं.”

मोहिद्दीन पोट धरून हसला होता. त्याची आई मैमुनाबीही गावी असंच काहीबाही सांगायची. तिन्हीसांजेला पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, तिसऱ्या हाकेपर्यंत थांबायचं. त्याला ते खूळ वाटे. म्हणून आपल्या चिमुरड्या जैनबला त्याने उलटंच शिकवलं होतं. अब्बांची पहिली हाक आली की ओ देत धावत सुटायचं. लेकीच्या या गुणाचं त्याला कोण कौतुक!

ताट घेऊन तो अर्ध्या वाटेवर असतानाच त्याची बायको कुबरा धापा टाकत आली.

“अहो, तुम्ही इथं? मग जैनबला हाक कोणी मारली?”

“कसली हाक?”

“तुमचीच... खजुरीच्या मागून. ‘आले, अब्बा’ म्हणून पळाली पण ती.”

ताट वाळूत पडलं. हा त्या नकलाकाराचाच चावटपणा, असं म्हणत मोहिद्दीनने नाकाओकाचं दार लाथेने उघडलं. नाकाओका गाल फुगवून बसला होता. तोंडात पाणी. आणि तेवढ्यात समुद्राकडून मोहिद्दीनचाच आवाज आला, अगदी लाडाचा.

“जैनब... अजून थोडं पुढे ये...”

 मोहिद्दीन पाण्याकडे धावला. पोर कमरेपर्यंत पाण्यात उभी होती. त्याने तिला उचलून छातीशी धरलं. ती थंडगार होती आणि परक्याकडे बघावं तशी त्याच्याकडे बघत होती. तोंडातून शब्द नाही.

मागून आलेल्या नाकाओकाने पाणी थुंकलं. “जवाब दिया उसने?”

“दिया.”

“तो अब उसका भी आवाज...” एवढं बोलून तो थांबला आणि पाठ फिरवून झपाझप निघून गेला.

झापांच्या घरात कुबराने दाराला कडी घातली, कंदील लावला, ओल्या पोरीला पदराखाली घेतलं. जैनब लगेच तिच्या मांडीवर झोपली. मोहिद्दीन कुराणातली आयत पुटपुटत शेजारी बसला. सगळं निवलं असं वाटू लागलं, तेवढ्यात बाहेर वाळू करकरली.

“जैनब...” पुन्हा त्याचाच आवाज.

मोहिद्दीनने झटकन पोरीच्या तोंडावर हात दाबला. आता ओ जाऊ द्यायची नाही, मेलो तरी नाही. त्याच्या तळव्याखाली तिचे ओठ मिटलेले होते. हललेही नाहीत.

“आले, अब्बा.” जैनबचा आवाज दारापलीकडून आला. मग अगदी कडीजवळून, रडवेला, “अम्मा, दार उघड ना... थंडी वाजतेय...”

कुबराने मांडीवरच्या पोरीकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे. “तुम्ही बोला ना काहीतरी...” ती कुजबुजली.

मोहिद्दीनने तोंड उघडलं, ओठ हलले. “उघडतेस का?” दाराबाहेरून त्याचा आवाज आला.

कुबरा पोरीला हळूच खाली ठेवून उठली आणि कडीकडे वळली.