एका पोर्टवर दोघं

विश्वास ठेवायचा की नाही ते तुमच्यावर. पण हे माझ्या आतेभावाच्या बाबतीत घडलंय, आणि तो थापा मारणाऱ्यांतला नाही. उलट भुताखेतांचा विषय निघाला की सगळ्यात आधी तोच टर उडवायचा. आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो.

रात्रही नव्हती. रविवारची भर दुपार होती.

दादा ऑफिसांमध्ये नेटवर्क बसवून देतो. त्या दिवशीचं काम घरच्यासारखंच होतं. त्याची धाकटी बहीण दुसऱ्या दिवशी त्याच कंपनीत रुजू होणार होती. पहिलीच नोकरी, दादानेच शब्द टाकून मिळवून दिलेली. तिची जागा वरच्या मजल्यावर, कोपऱ्यातल्या खोलीत. ती खोली बरीच वर्षं बंद होती.

स्विच तळघरात होता. स्विच म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरांच्या वायरी जिथे येऊन मिळतात तो डबा. त्याच्या एकेका खाचेला पोर्ट म्हणतात. तिथे दादाचा कामातला जोडीदार बसला होता, त्याला सगळे चष्मिष म्हणतात. नियम साधा होता. एका पोर्टवर एकच मशीन, म्हणजे एकच कॉम्प्युटर. दुसरं कुणी घुसलं की पोर्ट आपोआप बंद.

दादाने खोलीतल्या भिंतीवरच्या सॉकेटला वायरीने आपला लॅपटॉप जोडला आणि फोन कानाला लावला.

"आलं का?"

"आलं... आणि गेलं. पोर्ट बंद पडला. दोन मशीन कशाला लावलीस?"

"एकच लावलंय."

"इथे दोन दिसतायत."

दादाने खोलीभर पाहिलं. एक टेबल, एक खुर्ची आणि धूळ.

"तुझा चष्मा बदल," तो म्हणाला.

चष्मिषने पोर्ट पुन्हा चालू केला. पुन्हा तेच.

मग पोर्ट पुन्हा चालू करायला सांगून दादाने वायर भिंतीतून उपटली. टोक हातात धरलं.

"आता किती?"



"एक."

"अरे, वायर माझ्या हातात आहे."

"असेल. पण एक आहे."

आणि तेवढ्यात दादाला ऐकू आलं...

टक. टक टक.

टेबलापाशी कुणीतरी टाइप करत होतं. टेबलावर कीबोर्ड नव्हताच.

"पोर्टचा दिवा आत्ता लुकलुकला का?" दादाने हळूच विचारलं.

"हो, आत्ताच. तुला कसं कळलं?"

दादाच्या अंगावर सरसरून काटा आला. तो मागे सरकत दारात जाऊन उभा राहिला.

"हे बघ, मी दोनची परवानगी देऊन टाकतो," चष्मिष म्हणाला. "दोघंही चालतील, आपण सुटलो."

"दोघं कोण? उद्या माझी बहीण बसणार आहे इथे."

त्याने चष्मिषला बहिणीच्या मशीनचा ओळख-नंबर हाताने नोंदवायला लावला. फक्त तेवढ्यालाच परवानगी. बाकी सगळ्यांना दार बंद.

टकटक थांबली. इडा पीडा टळली असं दादाला वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बहिणीचा फोन आला.

"दादा, माझं मशीन चालेना रे."

दादाने तिला थांबायला सांगून चष्मिषला फोन लावला.

"पोर्टवर किती?"

"एक."

"तिचंच ना?"

चष्मिषने नंबर ताडून पाहिला.

"नाही. तिचं मशीन परकं ठरवून बाहेर काढलंय."

दादाने लगेच बहिणीला फोन केला. "उठ. पर्स घे आणि आत्ताच्या आत्ता बाहेर पड."

"पहिल्याच दिवशी? वेड लागलंय का तुला?"

"पड म्हणतो ना."

ती रडतच बाहेर आली. दादाने तिला परत जाऊ दिलं नाही. नोकरी गेली. कारण काय सांगणार? बहीण अजून त्याच्याशी धड बोलत नाही. आपल्या तोंडचा घास भावानेच काढून घेतला, असं तिला वाटतं. आणि दादाला ते फार लागतं.

मी मध्ये त्याला विचारलं, त्या खोलीत आता कुणी बसतं का?

"बसते एक मुलगी. काही तक्रार नाही म्हणे तिची. चष्मिषने शेवटी दोनची परवानगी देऊन टाकली."

"तिला कुणी सांगितलंय का?"

दादाने उलट मलाच विचारलं, "तू सांगशील? काय सांगशील?"



आत्ता हे लिहितोय, तेव्हाही दुपारच आहे. ऑफिस चालू असेल. ती खाली मान घालून काम करत असेल, आणि खोलीत आपण एकटीच आहोत असं तिला वाटत असेल.