नको म्हणणारी गिऱ्हाइकं

खाली आमचं पडद्यांचं दुकान, वर घर. मापं मी घेते, शिलाई मी बघते. वेबसाइट माझा दीर बघतो. ती उघडली की आधी एक पाटी येते: तुमची माहिती ठेवून घेऊ का? खाली ‘हो’ हिरवंगार, ठसठशीत. ‘नको’ राखाडी, मुंगीएवढं.

“नको दाबलं तर काय होतं, भावोजी?”

“‘चालेल’ असं येतं.”

“आणि?”

“आणि ठेवून घेतो.” तो हसला. “वहिनी, नको म्हणणाऱ्याकडेच बघण्यासारखं काहीतरी असतं. कुठे राहतात, कधी झोपतात, सगळं कळतं. तुम्ही तुमच्या झालरी सांभाळा.”

त्याच आठवड्यात दुकानात एक बाई आल्या. करडा कोट, हात खिशात. एकाही कापडाला बोट लावलं नाही.

“तुमच्या लेकीच्या खोलीतला पिवळा पडदा,” त्या म्हणाल्या, “उजवीकडे आखूड झालाय.”

झाला होता. शिवताना माझाच हात चुकला होता. घरचाच तर आहे, म्हणून तसाच टांगला होता.

“तुम्हाला कोणी सांगितलं?”

“आम्ही नको म्हटलं होतं,” बाई म्हणाल्या आणि गेल्या.

तेव्हापासून घरातले पडदे मिटून राहीनात. ओढून घ्यावेत, पाठ फिरवावी, की दांडीवर कड्या हळूच किणकिणत आणि बोटभर फट पडे. फटीतून मागचा बोळ दिसे. बोळात माणसं उभी. बायका, म्हातारे, कामावरून परतणारे. कोणी कोणाशी बोलत नसे. सगळ्यांच्या माना वर, माझ्या लेकीच्या, ठकीच्या खिडकीकडे.

मी पडद्याला टाचण्या लावल्या. सकाळी त्या ठकीच्या उशाशी सापडल्या, ओळीने मांडलेल्या.

“बंद करा ते, भावोजी.”

“केलं की.” खोटं बोलताना तो कान खाजवतो. खाजवत होता.

दुपारी तो जेवायला उठला तेव्हा मीच त्याच्या खुर्चीत बसले. वेबसाइट बंद केली. साठवलेलं पुसलं. नावं पुसली, पत्ते पुसले, त्यांच्या झोपेच्या वेळा पुसल्या. मग धावत जिना चढले.

बोळ रिकामा होता.

पिवळा पडदा मिटलेला. फट नाही, सुरकुती नाही.

ठकी पलंगाच्या अगदी कडेला बसली होती, अंग चोरून.

“कोणी आलं होतं का गं?”

“आत येऊ का, म्हणून विचारलं त्यांनी.”

“मग?”

“मी नको म्हटलं.”

माझा जीव भांड्यात पडला. “शहाणी माझी बाय,” म्हणत मी तिच्याजवळ टेकायला गेले.

“ते म्हणाले, चालेल.” ठकीने माझा हात धरला. “तिथे नको बसू, आई. तिथे जागा नाहीये.”