तासभर बोलायचं नाही

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या छबूमावशीच्या अंगावर गुदरलेली आहे, आणि पांडुरंगाच्या फोटोवर हात ठेवून ती खोटं बोलणार नाही.

गेल्या मार्गशीर्षातला गुरुवार. नगरमधल्या एका स्कॅन सेंटरचं तळघर. रात्र नव्हती... सकाळचे साडेदहा वाजले होते.

मावशीचे यजमान कारभारीकाका सोनईचे. तीस वर्षं कीर्तनात बुवांच्या मागं उभं राहून गाणारे. दिवाळीनंतर त्यांची वाचाच गेली. एमआरआयमध्ये मेंदूत गाठ दिसली.

डॉक्टर म्हणाले, "लिम्फोमाचा संशय आहे. कॅन्सरचाच प्रकार. आता सगळ्या अंगाचा पेट स्कॅन करू. काखेत, पोटात दुसरी गाठ सापडली तर तिचा तुकडा तपासू. नाही सापडली, तर कवटीला भोक पाडावं लागेल."

मावशीनं नवस बोलला... यांच्या अंगात आणखी एक गाठ निघू दे!

कुठल्या बाईवर अशी वेळ यावी?

सेंटरमधली टेक्निशियन निकिता समजावत होती, "किरणोत्सारी साखरेचं इंजेक्शन दिलं की तासभर आत एकट्यानं पडून राहायचं. अजिबात बोलायचं नाही. बोललं की गळा ती साखर ओढतो आणि स्कॅनमध्ये उगाच चमकतो."

"पोरी, हे बोलले तर मी तुला पेढं देईन," मावशी म्हणाली.

दार लागलं. मावशी बाहेर बाकावर. मुलगा अंगद वर औषधं आणायला गेलेला.

अर्धा तास शांतता.

मग आतून... गाणं.

हलकं. खर्जातलं. काकांचा आवाज!

मावशीच्या डोळ्यांतून धारा लागल्या. वाचा आली! देव पावला!

आवाज चढत गेला... आणि चरणाच्या मधोमध थांबला.

कीर्तनात बुवा असंच चरण अर्ध्यावर सोडतात, मागच्यांनी उचलावं म्हणून. जन्माची सवय. मावशीनं टाळी वाजवली आणि उरलेलं चरण उचललं.

आतून उत्तर आलं.

एका गळ्याचं नाही... वीस-पंचवीस गळ्यांचं.

निकिता धावत आली. "काकू, गप्प बसा ना! काय लावलंय?"

"अगं, ते गात्यात!"

निकितानं कॅमेऱ्याचा पडदा तिच्याकडं वळवला. खोलीत काका एकटे. ओठ घट्ट मिटलेले.

आता आतून काहीच ऐकू येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी स्कॅन दाखवला. काख साफ. पोट साफ. मेंदूतली गाठ तेवढी पेटलेली. आणि...

गळा.

"हे तासभर गात होते का?"

"डॉक्टर, वडील दीड महिना एक शब्द बोललेले नाहीत," अंगद म्हणाला.

मावशीला वाटलं, हीच ती दुसरी गाठ. नवस फळला. नळी घालून गळा तपासला. तिथं काही म्हणजे काही नव्हतं.

शेवटी कवटीला भोक पाडावंच लागलं. तुकड्यात लिम्फोमाच निघाला. औषधं सुरू झाली. दोन महिन्यांनी काकांना एकेक शब्द फुटू लागला.

पहिलं धड वाक्य त्यांनी मावशीला विचारलं.

"त्या दिवशी... चरण कुनी उचललं?"

मावशी ताट वाढत होती. "का वं?"

"मी गात नव्हतो. ते माझ्या गळ्यातून गात हुते. मधीच थांबले... मी उचलावं म्हणून. मी दात आवळून धरले. उचललं की त्यांच्यातलाच झालो, एवढं कळत हुतं. मग भाईरून कुनीतरी उचललं... अन् ते मला सोडून दाराकडं गेले."

मावशीनं ताट त्यांच्यापुढं सरकवलं.

"कुनी न्हाई," ती म्हणाली. "भास आसंल. जेवा."

खरं तिनं फक्त मला सांगितलंय. आपल्यापायी तिनं चरण उचललं हे काकांना कळलं तर ते जिवाला लावून घेतील, औषध सोडतील, अशी तिला भीती आहे.

काका आता बरे होत आहेत. मावशी मात्र कीर्तनाला येत नाही. घरी भजन लागलं तरी उठून पदर तोंडात धरते.

मी विचारलं, "मावशी, काय होतंय?"

ती म्हणाली, "अजून थांबलेच हायेत रं... पुढच्या चरणासाठी."