पाटलांच्या गोठ्यातला धप्प

"आजपासून घाटनांदूरचा इतिहास बदलणार," असं छाती काढून जाहीर करून त्रिंबकमामा पाठीवर आडवे झाले. कुणी ढकललं नव्हतं. जमिनीवर तळहात फट्‌कन आपटून ते उठले, धोतर झटकलं आणि म्हणाले, "हा पहिला धडा. पडायचं."

मामा मुंबईत एका जपानी कापूस व्यापाऱ्याच्या वखारीत होते. नोकरी तिथंच सुटली, ज्यूदो तेवढा बरोबर आला. चाळीसएक वर्षांमागं जपानातल्या एका किडकिडीत मास्तरानं जुन्या झोंबीतले हाडं मोडणारे डाव गाळले आणि ही विद्या एका देवळात शिकवायला घेतली, म्हणे. समोरच्याचाच जोर कामाला लावायचा, आणि ज्याला पाडलं त्याला सांभाळायचंही आपणच.

उन्हाळ्याच्या सुट्टीत शिवकन्या आणि तिचा चुलतभाऊ धर्मराज सुंदरराव पाटलांच्या रिकाम्या गोठ्यात रोज सकाळी कडब्यावर पडत होते. तीन आठवडे नुसतं पडणं. हनुवटी छातीला, तळहात जमिनीला, म्हणजे डोकं वाचतं.

"पडायला शिकवणी कावून लागती, मामा?" धर्मराज कुरकुरायचा. "मी जन्मल्यापासून पडतोय."

मग एका सकाळी कडब्यात म्हशीएवढा खळगा दिसला. म्हैस नव्हती. दुसऱ्या दिवशी खळगा खोल झाला. तिसऱ्या दिवशी भर बाराला बंद गोठ्यातून आवाज आला. धप्प. मग फट. मग बराच वेळ काहीच नाही.

बायका पाण्याला दुसऱ्या वाटेनं जाऊ लागल्या. कुत्री गोठ्यासमोर भुंकेनाशी झाली. पोरांना तिकडं फिरकायची बंदी झाली. दाराला आतून कडी लागलेली आहे, म्हणजे आत खवीस आहे, असं पाटलांनी सिद्ध केलं. कुडाला भोकं होती, पण डोकावून बघावं असं कुणाला सुचलं नाही. उद्या बाराला गोठा पेटवायचं ठरलं.

शिवकन्येच्या कानातून तो 'फट' जाईना. पडल्यावर तळहात कोण आपटतो? ज्याला डोकं फुटायची भीती आहे, तो. खविसाला डोक्याची काय काळजी? आत माणूस होता. तिनं हे घरी सांगितलं, तेव्हा तिला भाकरी थापायला बसवलं. मामा नेमके परळीला गेलेले.

दुसऱ्या दिवशी ती गोठ्याच्या दारात उभी राहिली. पाटील पेटता टेंभा घेऊन आले, मागं सगळं गाव. आतून येणारा धप्प-फट आवाज थांबला.

"पाटीलबाबा, आत माणूस हाय."

"मग बोलत कावून न्हाई? सरक."

तिनं दार बडवलं, हाक मारली. आतून ओ आली नाही. टेंभ्याची ठिणगी उंबऱ्याशी पडली आणि कडब्याचं एक पान वळवळत काळं झालं.

पाटलांनी तिला ढकललं. ती अडली नाही. त्यांचा जोर येऊ दिला, बाही धरली, कंबर वळवली, आणि पाटील तिच्या पाठीवरून धुळीत उतरले. टेंभा सुटला. गर्दीतल्या धर्मराजनं एका बाईच्या डोईवरची पाण्याची घागर त्यावर पालथी केली. बाही शिवकन्येच्या मुठीतच होती, म्हणून पाटलांचं डोकं वाचलं.

कडी वाजली. दारात गावचा सटवा पैलवान उभा होता, केसांत कडबा. अकरा वर्षांत त्याची पाठ कुणी लावली नव्हती. जत्रेची कुस्ती पंधरा दिवसांवर आलेली.

"आता वय झालं," तो खालमानेनं म्हणाला. "ह्या खेपेला पडंन. आन्‌ पडायचं कसं, ठावंच न्हाई. कुडातून पोरांचं बघून शिकत व्हतो. हाक ऐकली, पर लई लाज वाटली."

भिजलेला टेंभा अजून धुमसत होता.

शेवटी पाटलांनी, एक हात वर टांगलेला, आडव्यानंच भाषण केलं. या पोरीनं सटवाचा जीव राखला, आणि गावाला माणूस जाळण्याच्या पापातून सोडवलं. आजपासून गोठा ज्यूदोचा. पोरींनीसुद्धा यावं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

"आन्‌ बाये," ते हळूच म्हणाले, "तेवढी बाही सोड. सदरा नवा हाय."