टेलरबाईंची कॅन्सर पॉलिसी

तो पहिल्यांदा माझ्या दुकानात आला तो पॅन्ट आखूड करायला. पण जातीचा विमा एजंट... मी गुडघ्यावर बसून पायाशी खडूची खूण करतेय आणि वरून त्याचं चालू – साधी मेडिक्लेम असली तरी वर कॅन्सरची वेगळी घेऊन ठेवावी, टेलरबाई.

दिसायला बरा होता. लाजला की कान लालबुंद. आता असा माणूस समोर आल्यावर मी गप्प बसणार? पॅन्ट आखूड केली, आणि उजवा खिसा गुपचूप शिवून टाकला.

दुसऱ्याच दिवशी स्वारी हजर. भर ऑफिसात किल्ली काढायला गेला आणि हात नुसता मांडीवरून घसरत राहिला म्हणे. भांडला नाही. खिसा उसवून होईपर्यंत पुन्हा पॉलिसी समजावत बसला. मग दर आठवड्याला काहीतरी फाटायला लागलं त्याचं. शिवण ब्लेडने कापलेली टेलरला कळत नाही होय? पण मीही शिवत राहिले... सावकाश.

पॉलिसीचं नाव काढलं की मी म्हणायचे, "मला काय धाड भरलीये, हप्तेवाले?"

खरं तर त्याच्यापेक्षा मलाच ती जास्त कळली होती. माझी आई कॅन्सरने गेली. हॉस्पिटलचं बिल मेडिक्लेममधून भागलं, पण दुकान बंद, भाडं चालू... शेवटी तिचं मशीन विकलं. ही पॉलिसी असती, तर रोगाचं निदान होताच एकरकमी पैसे हातात आले असते.

पण ती घ्यायची तर आईचा आजार सांगावा लागणार. आणि आत्याची सक्त ताकीद होती – लग्न ठरेपर्यंत हे कुणापाशी बोलायचं नाही. ऐकून दोन स्थळं आल्या पावली परत गेली होती. म्हणजे पॉलिसी घ्यायची की नाही हा प्रश्नच नव्हता. त्याला सांगायचं की नाही, हा होता.

एका दुपारी इस्त्री करता करता, त्याच्याकडे पाठ करून बोलून टाकलं. "आईला होता. छातीचा. लिहा."

तो म्हणाला, कंपनी हप्ता वाढवेल, कदाचित नाहीही म्हणेल. पण लपवलं तर ऐन वेळी हात वर करेल.

"मी कंपनीचं विचारत नाहीये," मी म्हटलं.

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. गेला वाटतं... वळून बघायचा धीर होईना.

"घरातल्या सगळ्यांच्या गळ्यात मारून झाली," तो हळूच म्हणाला. "आई, ताई, भाऊजी... तुमचीच तेवढी राहिलीये."

"मी कधीपासून तुमच्या घरातली?"

"तेच तर... विचारतोय."

भल्याभल्यांची फिरकी घेणारी मी, आणि इस्त्री तशीच टेकवून वळून त्याचे लालबुंद कान बघत राहिले. इस्त्रीखालचा गिऱ्हाइकाचा रेशमी फ्रॉक मात्र धूर सोडायला लागला.

पॉलिसी मिळाली, जरा चढ्या हप्त्याने. फ्रॉकची भरपाई आम्ही दोघांनी मिळून केली.