तीस दिवसांचा बोगदा

"तीस दिवस म्हणाला होतात तुम्ही! आज चाळिसावा दिवस आहे. माझी आई तिकडे अर्धपोटी राहतेय!"

मंगळावरच्या वसाहतीची सभा भरली होती आणि अकरा वर्षांची मृण्मयी उभी राहून जाब विचारत होती. तिची आई आणि आणखी आठजण दुसऱ्या घुमटात अडकले होते. बाहेर धुळीचं वादळ, त्यामुळे रस्ता एकच : खणला जात असलेला बोगदा. महिन्याभरात तो होईल या भरवशावर तिकडे अन्नही बेताचंच ठेवलं होतं.

"बाळ, अंदाज चुकतात," वसाहतप्रमुख रणपिसेकाका म्हणाले.

"माझा चुकला नाही," खोदकाम करणारा यंत्रमानव 'घूस' म्हणाला. "मी तीन आकडे दिले होते. सगळं सुरळीत झालं तर तीस दिवस, नेहमीच्या अडचणी आल्या तर पंचेचाळीस, फारच कठीण खडक लागला तर चौऱ्याऐंशी. सभेत पहिलाच वाचला गेला."

सगळे काकांकडे पाहू लागले.

"लोक घाबरले असते," काका पुटपुटले.

"आणि उपाशी राहिलेले चालतात?" मृण्मयी कडाडली. मग घुशीकडे वळली. "तिघांतला खरा कुठला?"

"कुठलाही एकच नाही. भारित सरासरी काढ (जे घडण्याची शक्यता जास्त, त्याला जास्त वजन देऊन काढलेली सरासरी). मधला आकडा चारदा धर, बाकीचे एकेकदा. बेरजेला सहाने भाग."

"तीस, एकशे ऐंशी, चौऱ्याऐंशी... दोनशे चौऱ्याण्णव. भागिले सहा, एकोणपन्नास!" तिचे डोळे भरून आले. "हे आधी सांगितलं असतं तर आईने पहिल्या दिवसापासून जपून खाल्लं असतं. आता बोगदा किती खणायचा राहिलाय?"

"वीस मीटर. दहा दिवस, चौदा किंवा चोवीस."

तिने हिशेब केला. "पंधरा."

"बरोबर. वाट पंधरा दिवस पाहायची, पण अन्न चोवीस दिवस पुरवायचं."

मृण्मयीने स्वतःच रेडिओवरून सगळे आकडे कळवले. खरखरीतून आईचा आवाज आला, "बरं केलंस. भूक सोसता येते गं, पण किती दिवस ते कळायला हवं."

त्या सभेनंतर सतराव्या दिवशी बोगदा खुला झाला. नऊही जण वाळले होते, पण आपल्या पायांनी चालत आले.

पुढच्या महिन्यात पाण्याच्या नव्या टाकीसाठी सभा भरली. रणपिसेकाकांनी तिन्ही आकडे वाचले. तिसऱ्याला त्यांचा आवाज जरा अडखळला. कुणीही घाबरलं नाही. मागच्या रांगेतून एवढंच विचारलं गेलं, "मग तितके दिवस पुरेल इतकं पाणी आजपासूनच साठवायला घ्यायचं ना?"